नावाचा रकाना

खिडकी क्रमांक तीन, जन्मनोंदणी, कुर्ला.
अकरा वर्षं मी इथे नावं लिहून घेते,
आणि हल्ली लोक जंगलच घेऊन येतात.

सोमवारी एक अरण्य आला, रिक्षातून.
मंगळवारी जुळी, पर्ण आणि पर्णिका.
मग चोविसाव्या मजल्यावरची अवनी,
जिचे पाय अजून जमिनीला लागायचे होते.
एका बापाने विचारलं,
"मॅडम, निर्झरमधला रफार कुठल्या अक्षरावर?"
त्याच्यामागे रांगेत बोलणं चाललेलं,
टँकर आज येणार की उद्या.

आमचे हेडक्लार्क धुरी म्हणतात, चांगलंय की.
झाड नाही तर नाही, हाक तरी हिरवी.

शेजारच्या खिडकीत मृत्युनोंदणी. तिथल्या कासकरबाई म्हणतात,
"माझ्याकडे अजून दगडू येतात. धोंडू येतात, धोंडाबाई येतात.
ती काय निसर्गातली नावं नव्हेत?
आधीची दोन गेली म्हणून तिसऱ्याला दगड म्हणायचं.
यमाने उचलून बघावा,
आणि जड म्हणून परत खाली ठेवावा.
नव्वद नव्वद वर्षं ठेवलेले असतात बिचारे.
तुझ्या निर्झरचं बघू पुढे."

माझं मत कोणी विचारलेलं नाही.
मी शेवंती.
आई दादरला फुलं विकायची,
मी झाले त्या दिवशी शेवंतीला भाव होता.
वर्गातली पोरं रोज विचारत, आज काय किलो?
दसऱ्याला वर, दुसऱ्या दिवशी पायदळी.
एकदा रडून म्हणाले, सुनीता ठेवायचंस,
वर्गात चार आहेत, कोणाला दिसलेही नसते.
आई देठ खुडत होती. म्हणाली,
"दिवसभर शेवंती शेवंती ओरडावं लागतं.
तुलाच बोलावतेय असं समजते,
मग घसा दुखत नाही."

गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं असताना,
करुणा खरात. मूल पदरात, नवरा एक पाऊल मागे.
"मुलीचं नाव मिठी."
माझी बोटं कीबोर्डवर थांबली.
म्हटलं, मिठी म्हणजे... कवेत घेतो ती ना?
"नाही. नदी. आमच्या घरामागची."

रांग हसली. कोणीतरी नाकाला रुमाल लावून दाखवला.
मी समजावलं. समजावण्यात माझा हात कोण धरणार?
अहो, ते पाणी काळं आहे.
त्यात थर्माकोल वाहतो, टायर वाहतात,
उद्या शाळेत पोरं नाक धरतील,
मला ठाऊक आहे पोरं काय करतात.
"घरात शिरली होती एकदा," ती म्हणाली,
"सासूची ट्रंक नेली. म्हणून काय झालं?
गंगा सांगितलं असतं तर लिहिलं असतंत मुकाट.
गंगा आम्ही कुठे बघितलीय?
हिला रोज बघतो.
सगळे नाला म्हणतात तिला.
कोणीतरी नावाने हाक मारायला नको?"

नवरा भिंतीवरचा फलक वाचत होता.
त्याला सान्वी हवं होतं, ते त्याच्या मानेवरून कळत होतं.

मी नियम सांगितला.
रकाना रिकामा ठेवता येतो.
पंधरा वर्षांपर्यंत नाव घालता येतं, घाई नाही.
आणि खिडकी लावली.

डबा खाताना ते दोघे आवारात दिसत होते,
झाडाखाली भांडत, हळू आवाजात, मूल उठू नये म्हणून.
बुंध्यावर पांढऱ्या रंगात गणनेचा नंबर.
धुरींना विचारलं, हे कसलं झाड हो?
अकरा वर्षांत पहिल्यांदा विचारलं.
"कोण जाणे. झाड आहे."
कासकरबाई म्हणाल्या, करंज असेल.
मग म्हणाल्या, नसेलही.

दीड वाजता खिडकी उघडली.
ते पुढेच उभे.
मूल आता बापाच्या खांद्यावर होतं.
तो काचेपाशी वाकला, पहिल्यांदाच बोलला,
"मि ऱ्हस्व, मॅडम.
ठी दीर्घ."